देवकाबाईंच्या बांधीतला पारा

मातीचा नमुना कसा आणू नये, यावर मी एक जाडजूड ग्रंथ लिहू शकते. भंडारा जिल्ह्यातल्या एका भातसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली, आणि तेवढ्या काळात माती माझ्यापुढे कशाकशातून आली नाही! खताच्या रिकाम्या पोत्यातून आली, मग त्या मातीत स्फुरदाचा पूर आणि शेतकरी खूश. लुगड्याच्या पदरात बांधून आली. जेवणाच्या डब्यातून आली, वर लोणच्याचं तेल. सानगडीच्या एका गृहस्थांनी तर शेजाऱ्याच्या शेतातली माती आणली. स्वतःच्या शेताबद्दल त्यांना काही विचारायचंच नव्हतं. शेजाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त धान का होतो, एवढंच पाहिजे होतं. मी तपासून दिली. त्यात विशेष काही निघालं नाही. "म्हंजे तो मेहनतच जास्त करते काय?" असं म्हणून गृहस्थ फार उदास होऊन गेले.

माती तपासणं हे काम बाहेरून वाटतं तितकं गूढ नाही. माती आंबट आहे की खारट, तिच्यात पिकाच्या पोटापुरतं काय आहे आणि काय कमी आहे, हे पाहायचं आणि शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगायचं. यातलं शेवटचं काम सर्वांत अवघड. मला ते जमायचं, आणि हे मी नम्रता वगैरे बाजूला ठेवून सांगते.

आमच्याकडे एकदा पारा मोजायचं यंत्र आलं. कोळशाच्या राखेत पारा किती, असा कुणाचा तरी प्रकल्प होता. टेबलावर मावेल एवढंच यंत्र. नमुना तापवला की त्यातल्या पाऱ्याची वाफ होते, ती वाफ प्रकाश किती अडवते ते यंत्र पाहतं आणि आकडा सांगतं. प्रकल्प संपला, राखवाले गेले, यंत्र माझ्याकडे राहिलं. केंद्रात त्याला कुणी हात लावत नसे. मी मात्र ते झाडूनपुसून चालतं ठेवलं होतं. आमच्या आंधळगावच्या घरी हातमाग होता. चालणारी वस्तू बंद पडू देणं आमच्याकडे पाप समजत.

त्या यंत्राला खरं काम दिलं ते देवकाबाईंनी.

देवकाबाई सिहोऱ्याकडच्या एका खेड्यातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेती एकटीच्या हाती, आवाज असा की फाटकापाशी बोलल्या तर प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या सावध व्हाव्यात. त्या माती घेऊन आल्या नाहीत. त्यांनी रोवलेला धानच मुळासकट उपटून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणला आणि माझ्या टेबलावर आपटला.

"पाहा. बाकी बांध्या हिरव्यागार होऊन राहिल्या अन् हे एकच बांधी पिवळी. रोवणा धरतच नाही. गाळ टाकला तेथंच असं काहून?"

बांधी म्हणजे धुऱ्याने, मातीच्या बांधाने, अडवलेला भाताचा एकेक तुकडा, हे इकडच्या वाचकाला सांगायला नको, बाहेरच्यासाठी सांगते. आणि आमच्याकडे प्रत्येक गावाला तलाव, तलावाच्या खालोखाल लहान तळी. त्यांना आम्ही बोडी म्हणतो. उन्हाळ्यात बोडी आटली की तिचा काळा गाळ काढून बांधीत पसरायचा, ही इथली पिढ्यानपिढ्यांची रीत. ती चांगलीच रीत आहे. गाळ टाकलेल्या बांधीला खत कमी लागतं. त्यामुळे गाळानेच पीक बिघडलं, हे देवकाबाईंच्या दृष्टीने दुधाने पोट दुखण्यासारखं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

मी आधी जस्त पाहिलं. भात पिवळा पडला की आमच्याकडे पहिला संशय जस्तावर जातो. जस्त ठीक होतं. मुळं मात्र विचित्र दिसत होती: आखूड, तपकिरी, पांढऱ्या तंतूंचा पत्ता नाही. मी विचारलं, गाळ कुठला?

"आमच्याच बोडीचा. मागच्या उन्हाळ्यात थोडा टाकला, यंदा दाबून टाकला. लोन्यासारखा गाळ! अन् त्यात चांदीचे मनी निघाले, सांगू काय तुमाले. चिमटीत धरावं तर पळते."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "बोडीत पारा कुठून आला, देवकाबाई?"

"अवो, आमचे मामंजी तेथं कचरा धूत ना!"

सोनाराच्या दुकानातली झाडलोट, भट्टीची राख, बसण्याच्या चटईखालची धूळ, यात सोन्याचे बारीक कण असतात. काही माणसं हा कचरा विकत घेतात आणि पाण्यात धुतात. शेवटी उरलेल्या गाळात पारा घोळवतात. पारा सोन्याला धरतो. मग तो गोळा तापवला की पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं. देवकाबाईंचे सासरे धानाचा हंगाम संपला की दर हिवाळ्यात हाच उद्योग करत, बोडीच्या काठी बसून. दर वेळी थोडा पारा पाण्यात सांडे आणि तळाशी जाऊन बसे. सासरे गेले, धंदा बंद झाला, बोडी मात्र सगळं धरून बसली होती. आणि आता सुनेने तेच उचलून आपल्या सर्वांत आवडत्या बांधीत पसरलं होतं.

मी गाळ मागवून यंत्रात लावला. आकडा आला तेव्हा मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा लावला. पुन्हा तोच.

इथे भाताची एक खोड सांगितली पाहिजे. गहू, तूर, हरभरा कोरड्या जमिनीत उभे राहतात. भात पाण्यात उभा राहतो. पाण्याखालच्या मातीत हवा नसते, आणि बिनहवेच्या मातीत राहणारे काही जिवाणू पाऱ्याचं रूप बदलतात. बदललेला पारा साध्या पाऱ्यापेक्षा जास्त घातक, आणि तो मुळातून वर चढून थेट दाण्यात जाऊन बसतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसालाही तो वाईटच, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूला फारच वाईट.

म्हणून देवकाबाई पुन्हा आल्या तेव्हा मी विचारलं, "मागच्या वर्षी या बांधीत काय होतं?"

"चिन्नोर," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. "घरी खायाचा. पन एक दाना कोनाले देला नाही. सगळा लतीसाठी ठेवला हाय."

लता ही त्यांची एकुलती एक मुलगी, तुमसरला दिलेली. तिला दिवस गेले होते. पहिलंच बाळंतपण, म्हणजे माहेरी. बाळंतिणीला जुना तांदूळ पाहिजे, तो आपल्या बांधीतला पाहिजे आणि आपल्या बांधीतला म्हणजे वासाचा चिन्नोर. आईने वर्षभर आधीपासून तो डोलीत, म्हणजे धान्याच्या कणगीत, जपून ठेवला होता. मी त्यातला पसाभर मागवून घेतला आणि यंत्रात टाकला.

दाण्यात पारा होता. खाण्याच्या मर्यादेच्या बराच वर.

देवकाबाईंना खुर्चीवर बसवून सांगायचं मी ठरवलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, उभ्यानेच ऐकलं. मग पिशवीतला मूठभर तांदूळ माझ्या नाकाशी धरला.

"वास घ्या. आला वास? असा भात इखारी असते काय?"

"वासाचा संबंध नाही, देवकाबाई. यंत्र सांगतं—"

"यंत्र सांगते! तुमची मशीन जेवते काय? जे जेवत नाही तिले भाताचं काय समजते?"

आणि पिशवी आवळून निघून गेल्या. मला राग आला होता. पण मी त्यांना सोडणार नव्हते. पोटातलं मूल माझ्या आकड्यावर अवलंबून आहे, असं नोकरीत एरवी कधी होत नाही.

त्या रोवण्याच्या दिवसांतच मी कुंड्या मांडल्या. एका प्रकारात स्वच्छ माती, दुसऱ्यात देवकाबाईंच्या बांधीतली गाळाची माती, तिसऱ्यात तीच गाळाची माती आणि वर मोजून दिलेलं सेलेनियम. चौथ्यात सेलेनियम मुद्दाम जास्त. सगळ्यांत चिन्नोरच.

सेलेनियम पाऱ्याला आवरतं, हा शोध माझा नाही. ते मी वाचलेलं होतं. आपल्या मातीत आणि आपल्या भातावर ते कसं चालतं एवढंच मला पाहायचं होतं. आमचे वडील कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत रंगवत. नुसता रंग सुताला लागतो, पण पहिल्या धुण्यात निघून सगळ्या कपड्यांना लागतो. म्हणून तुरटी. तुरटीने रंग सुताला असा बसतो की मग तो कुठे जात नाही. सेलेनियम पाऱ्याचं असंच करतं. मातीत दोघांची गाठ पडली की त्यांचं एक संयुग बनतं, खड्यासारखं निर्जीव. ते पाण्यात विरघळत नाही, मुळाला ओढता येत नाही, जिवाणूंनाही त्याचं रूप सहजी बदलता येत नाही. तरी जो पारा मुळात शिरतोच, त्यातला बराचसा मुळातच अडकून राहतो. शिवाय पाऱ्याने रोपाच्या आत जी जाळपोळ चालवलेली असते ती विझवण्याची रोपाची स्वतःची ताकद सेलेनियमने वाढते. हे सगळं अगदी कणभर सेलेनियमवर. मात्रा चुकली की तेच विष. पंजाबात काही गावांच्या जमिनीतच सेलेनियम जास्त आहे. तिथे जनावरांचे खूर झडतात.

कुंड्यांची बातमी देवकाबाईंपर्यंत गेली असावी, कारण त्यांच्याआधी त्यांचे जावई आले. प्रमोद. तुमसरला त्यांचं औषधाचं दुकान. शांत, सभ्य माणूस. त्यांनी खिशातून कॅप्सूलची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, यात सेलेनियम आहे. रोपाले चालते तर माणसाले बी चालन ना? लताले रोज एक देतो. अन् सासूबाईचा भात बी खाऊ द्या. त्यायचं मन नाही मोडवत. रडून राहिल्या त्या."

माणूस वाईट नव्हता. बायको आणि सासू या दोघींच्या मधे सापडलेला होता आणि आपल्या दुकानात सापडेल तो उपाय घेऊन आला होता. मी सांगितलं, की मातीत पारा अडवणं वेगळं आणि पोटात गेलेला पारा अडवणं वेगळं. दुसऱ्याची खात्री मला नाही, तुम्हाला नाही आणि या पट्टीलाही नाही. तरी ते म्हणाले, करून पाहायला काय हरकत आहे?

"प्रमोदराव," मी म्हटलं, "माझ्याकडे कुंड्या पुष्कळ आहेत. तुमची बायको त्यातली एक नाही."

त्यांनी पट्टी उचलली. मग ती खिशात घालून म्हणाले, "सासूबाईले तुमीच समजवा. माह्याच्यानं नाही होत."

समजवायला मी गेले नाही. निरोप धाडला, की तुमचा चिन्नोर इथे उभा आहे, पाहून जा. देवकाबाई दुसऱ्याच दिवशी हजर. जन्मभर परे, म्हणजे भाताची रोपं, उपटून रोवणी केलेली बाई. तिला आकडा दाखवून उपयोग नव्हता, मूळ दाखवायला हवं होतं. मी प्रत्येक प्रकारातलं एकेक रोप उपटलं आणि पांढऱ्या थाळीत पाण्यात धुऊन शेजारी शेजारी ठेवलं.

स्वच्छ मातीतली मुळं लांब, पांढरी. गाळातली तपकिरी, बुटकी, त्यांनी माझ्या टेबलावर आपटली होती तशीच. सेलेनियमवाली पहिल्यांच्या बरोबरीची नाहीत, पण पांढरे तंतू फुटलेले, जीव धरलेली. देवकाबाई थाळीवर वाकल्या. बोटाने तंतू मोकळे केले.

मग म्हणाल्या, "हे औषध चांगलं हाय. अजून टाका ना थोडं."

मी चौथं रोप पुढे केलं. जास्त सेलेनियमचं. ते गाळातल्याइतकंच खुरटलेलं होतं.

"आता?" मी म्हटलं. त्या हसल्या. माझ्यापुढे त्या हसल्या त्याची ही पहिली वेळ.

"म्हंजे हे टाकलं तर बांधीतला भात लतीले चालन?"

"पारा कमी होईल. अगदी नाहीसा होईल असं नाही. आणि तुमच्या डोलीतल्या तांदळाला आता काहीच करता येत नाही. पारा कमी झालेला भात मी तुम्हाला खाऊ देईन कदाचित, लताला नाही."

त्या हात धुवायला नळापाशी गेल्या. पाणी सुरूच होतं आणि त्या नुसत्या उभ्या होत्या. पाठमोऱ्याच विचारलं, "बाई, पारा मानसाले बी असाच धरते काय?"

मी सांगितलं, की पारा तापवताना जो धूर निघतो तो रोज नाकात गेला तर माणसाचे हात थरथर कापायला लागतात. मी डॉक्टर नाही, पण हे जाणकारांना माहीत आहे.

देवकाबाई वळल्या.

"मामंजीचे हात कापत. चायचा कप धरता नाही ये. बशी मी धरत जाओ. गावात म्हनत, म्हातारा चोरून पेते. मी बी म्हटलं एकदा. त्याहीच्या तोंडावर म्हटलं. म्हातारा शपथ घेऊन घेऊन सांगे, मी शिवलो नाही दारूले." त्यांचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "म्हंजे म्हातारा पेत नोता."

नोकरीत मी कितीतरी लोकांना त्यांच्या जमिनीबद्दल वाईट बातम्या दिल्या. मेलेल्या माणसाबद्दल चांगली बातमी दिली ती एवढीच, आणि ती ऐकायला म्हातारा नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी नळ बंद केला आणि आम्ही दोघी कुंड्यांजवळच्या कट्ट्यावर बसून राहिलो.

पुढच्या आठवड्यात डोलीतला सगळा चिन्नोर केंद्रावर आला. कोंबड्यांनाही घालता येईना, म्हणून तो आम्ही वेगळा बंद करून ठेवला. लता सातव्या महिन्यात माहेरी आली, तेव्हा देवकाबाईंनी बाजारात जाऊन तांदूळ विकत घेतला. ज्या बाईच्या बांध्या गावात नावाजलेल्या, तिने मुलीच्या बाळंतपणाला दुकानातला तांदूळ रांधावा, ही गोष्ट गावाने पुष्कळ दिवस चघळली. देवकाबाईंनी एकालाही उत्तर दिलं नाही. मुलगी झाली, ठणठणीत. मला निरोप आला, तोही प्रमोदकडून. सासूबाई अजून रुसलेल्याच होत्या, माझ्यावर की बोडीवर, ते त्यांनाच माहीत.

पण काम त्यांनी सोडलं नाही. पुढचा उन्हाळा लागताच बांधीतल्या गाळाचा वरचा थर खरवडून काढला. काढताना हातमोजे घालायला लावले तेव्हा मला चार शब्द ऐकावे लागले. तो थर पाणी लागणार नाही अशा उंच जागी, प्लास्टिकच्या जाड कागदात, वरिष्ठांच्या आणि पंचायतीच्या परवानगीने पुरला. बोडीतले मासे बंद, बोडीचं पाणीही बंद. बांधीत उरलेल्या पाऱ्यासाठी आमच्या प्रयोगातलं सेलेनियम, तेही दर वेळी माझ्या डोळ्यांदेखत. आणि मधे मधे पाणी तोडून जमिनीला बारीक भेगा पडू द्यायच्या, म्हणजे मातीला हवा लागते आणि त्या जिवाणूंचं फावत नाही. दर हंगामाला दाणे यंत्रात. आकडा उतरत गेला, पण देवकाबाईंना पाहिजे तितक्या घाईने नाही. दर वर्षी विचारत, "झालं?" दर वर्षी मी म्हणे, "अजून नाही." तो धान त्या निमूट माझ्या ताब्यात देत.

एक खंत आहे. आजूबाजूच्या लोकांना यातलं नेमकं चुकीचं तेवढं कळलं. एकाने डोक्याला लावायचा सेलेनियमचा शॅम्पू बांधीत ओतला आणि फेस पाहून समाधानाने घरी गेला. आंबागडाकडचे एक जण आले, त्यांच्या शेतात पारा नव्हताच, तरी 'ते औषध' पाहिजे होतं. आधी तपास, मग मात्रा, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. लोकांना पुडी पाहिजे असते, तपास कुणालाच नको. आपल्याकडे कचरा धुणारी माणसं अजून कुठे कुठे पारा तापवत असतील, त्यांच्यापर्यंतही मला पोचता आलं नाही. हे काम आता माझ्यानंतरच्यांनी करावं.

मी निवृत्त झाले. यंत्र पुसून, चालतं करून माझ्या जागी आलेल्या मुलीच्या हवाली केलं. काही महिन्यांनी देवकाबाईंचा फोन आला.

"बाई, जेवाले या. चिन्नोर झाला."

दाणे त्या मुलीने तपासले होते. आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली होता, पुन्हा तपासूनही खालीच. हे मला माहीत होतं आणि देवकाबाईंनाही.

गेले तर लता आलेली. तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेले. थोरली पोर अंगणात कोंबडीमागे धावत होती आणि आजीच्या वरताण ओरडत होती. चुलीवरून भाताचा वास घरभर पसरला होता. पाट दोन मांडलेले, एकावर लता बसली, दुसऱ्यावर मी. देवकाबाईंनी ताट मात्र माझं एकटीचं वाढलं. भात, तुरीचं वरण, वर तुपाची धार. लताच्या पुढ्यात रिकामं ताट.

मी म्हटलं, "तिलाही वाढा ना."

"तुमी जेवा पह्यले."

त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि माझ्या हाताकडे पाहत राहिल्या. मी भात कालवला. घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. मला रडू आलं असतं, पण तोंडात भात होता. देवकाबाईंनी तिसराही गिळू दिला. मग उठल्या, भाताचं भांडं कमरेशी धरलं आणि लेकीच्या ताटात भरपूर भात वाढला.

"मशीन जेवली वो, लते," त्या म्हणाल्या. "आता तू जेव."